दीड महिन्याच्या डोसाला जाल तेव्हा दोन केस-पेपर काढा

बारशापर्यंत आमच्याकडे बाळाला बघायला एकसष्ट माणसं येऊन गेली. आकडा पक्का आहे, कारण मी मोजत होते. रात्री बाळ झोपलं तरी मला झोप लागत नसे, मग दिवसभरात कोण कोण आलं ते बोटांवर मोजत पडायचं. शेजारच्या काकी काटलुं (बाळंतिणीसाठीचा गुजराती मसाला) घातलेला शिरा घेऊन आल्या, दांडिया बाजारातून मामेसासूबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या, नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी झबल्यांचे तीन सारखेच सेट घेऊन आली. बाळ कुणावर गेलंय, दूध ओढतं का, शी कशी होते, सगळी चौकशी झाली. माझ्या वाट्याला एकच प्रश्न येई, "टाके दुखतात का गं?" टाके दुखत नव्हते.

मी डॉक्टर नाही. बडोद्यात बाळंत झालेली, नैराश्यात गेलेली आणि उपचार घेऊन त्यातून बाहेर आलेली बाई आहे. कोणत्या दाराशी जायचं, तिथे काय बोलायचं आणि घरात काय सांगायचं, एवढंच इथे लिहिलंय. तुम्हीच बाळंतीण असाल तर एका बैठकीत वाचायचा अट्टहास नको. बाळ उठेपर्यंत जेवढं होईल तेवढं वाचा.

आजच मदत हवी असेल तर

मरून जावंसं वाटत असेल, स्वतःला किंवा बाळाला काही करून बसू अशी भीती वाटत असेल, तर पुढचं नंतर वाचा. बाळ घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या, एकट्या बसू नका आणि १४४१६ लावा. ही टेलिमानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. फुकट आहे, चोवीस तास चालते, आणि सुरुवातीलाच भाषा निवडता येते. त्यात मराठीही आहे, गुजरातीही. लागला नाही तर १८००-८९१-४४१६. जीवावर बेतलं असेल तर १०८.

आणखी एक प्रकार घरातल्यांनी ओळखायला हवा, कारण तेव्हा बाईला स्वतःला कळत नसतं. बाळंतपणानंतर पहिल्या दोनेक आठवड्यांत ती अचानक दोन-दोन रात्री झोपत नाही आणि तरी थकलेली दिसत नाही, असंबद्ध बोलते, कुणी बाळ बदललंय म्हणते, नसलेले आवाज ऐकते. हजारात एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला होणारा हा आजार आहे, डॉक्टर त्याला पोस्टपार्टम सायकोसिस म्हणतात. जुन्या बायका 'बाळंतवात' म्हणून धुरी द्यायच्या, कुणी दृष्ट काढायचं. दृष्ट काढायची तर काढा, दोन मिनिटांचं काम आहे, पण त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सकाळची वाट बघायची नाही. उपचार मिळाले तर हा आजार बरा होतो.

नुसतं रडू की आजार?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं आणि डोळेही भरतात. निम्म्याहून जास्त बायकांचं असं होतं. हार्मोन्स एकदम खाली येतात, झोप नसते, अंग दुखत असतं. टीव्हीवरच्या जाहिरातीला रडू येतं आणि तासाभराने हसूही येतं. हे साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्याला विश्रांती, गरम जेवण आणि कटकट न करणारी माणसं एवढं पुरतं.

दोन आठवडे उलटले आणि ते ओसरलं नाही, उलट घट्ट बसलं, तर तो आजार धरायचा. माझं रडू थांबलं होतं, त्यामुळे घरच्यांना मी सुधारले असं वाटलं. खरं तर मला काहीच वाटेनासं झालं होतं. भाद्रपदातलं बाळंतपण, नवरात्र लागलं तेव्हा बाळ तीन आठवड्यांचं होतं. रात्री बारापर्यंत मैदानावरच्या गरब्याचा ढोल खिडकीतून आत यायचा. बडोद्यात जन्म गेला, तो आवाज ऐकून माझे पाय आपोआप हलायचे. त्या वर्षी मी खिडकी लावून घेतली आणि घड्याळाकडे बघत राहिले. बाळ रडलं की उठायचं, पाजायचं, ढेकर काढायची, ठेवायचं. सगळं नीट करत होते. एखाद्या चांगल्या नर्ससारखं.

हे वेगवेगळ्या रूपात येतं. कुणाला सतत चिडचिड होते, कुणाच्या छातीत धडधडतं, कुणी रात्रीत वीस वेळा बाळाचा श्वास बघायला उठते. भूक मरते, बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नाही, आपण वाईट आई आहोत हे डोक्यात कुणीतरी सारखं बोलत राहतं. हे बाळंतपणानंतर लगेच येईल असंही नाही. काहींना गरोदरपणातच सुरू होतं, काहींना तिसऱ्या-चौथ्या महिन्यात.

एका गोष्टीबद्दल बायका कुणालाच सांगत नाहीत, म्हणून ती इथे स्पष्ट लिहिते. बाळ हातातून पडलं तर, गॅलरीतून गेलं तर, सुरी लागली तर, अशी चित्रं अचानक डोळ्यांपुढे येतात. ती बघून तुम्हीच हादरता, सुरी कपाटात लपवून ठेवता, बाळाला आंघोळ घालायला घाबरता. अशी नको असलेली चित्रं खूप आयांना दिसतात. ती चिंतेची असतात, इच्छेची नव्हेत. डॉक्टरांना हे ऐकायची सवय असते आणि त्यावर उपचार आहेत. त्या चित्रांची भीती न वाटता ती योग्यच वाटू लागली, किंवा कुणी तसं करायला सांगतंय असं वाटलं, तर मात्र वर सांगितलेली तातडीची वाट धरा.

असं होणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. २०१७ साली भारतातल्या ३८ अभ्यासांतल्या वीस हजारांवर आयांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा सुमारे २२ टक्के आयांमध्ये बाळंतपणानंतरचं नैराश्य आढळलं. म्हणजे पाचांत एक. आमच्या सोसायटीत एकाच जिन्यावरच्या घरांत त्या वर्षी पाच बाळंतपणं झाली. मी कधीकधी दारांकडे बघत जिना उतरायचे.

दहा प्रश्नांची यादी

डॉक्टरांपुढे बसलं की तोंडातून "बरं आहे" एवढंच निघतं. त्यावर उपाय म्हणून एडिनबर्ग प्रश्नावली वापरा. १९८७ साली तयार झालेली ही दहा प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते, गुजरातीत आणि मराठीतही तिचं भाषांतर झालेलं आहे. मागच्या सात दिवसांत कसं वाटलं ते विचारतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त आली की डॉक्टरांशी बोलायचं, तेरा किंवा जास्त आली तर टाळायचंच नाही. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला 'कधीच नाही' सोडून कोणतंही उत्तर आलं, तर बेरीज किती का असेना, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

ही यादी निदान करत नाही. तिचा खरा उपयोग म्हणजे भरलेला कागद डॉक्टरांच्या टेबलावर सरकवता येतो, तोंड उघडावं लागत नाही. मी तेच केलं.

पहिला फोन

मी हेल्पलाइनला पहिला फोन बाथरूममधून केला. नळ सोडून, बादली भरत, सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, "बाळ आत्ता कुणाजवळ आहे?" आजीजवळ आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मग सावकाश बोला." त्या सावकाश या शब्दावर मी पहिल्यांदा मोकळी रडले. बादली भरून वाहून गेली.

फोनवर काय सांगायचं ते सुचत नसेल तर चार वाक्यं कागदावर लिहून ठेवा. बाळ किती दिवसांचं आहे. हे किती दिवसांपासून होतंय. सलग किती तास झोप मिळते. मरणाचे विचार येतात की नाही. एवढ्यावरून समोरच्या माणसाला कळतं की नुसतं बोलायचंय, डॉक्टरांकडे पाठवायचंय की आत्ताच कुणाला तरी घरी बोलवायचंय.

हेल्पलाइनचं काम धीर देण्याचं आणि वाट दाखवण्याचं आहे, पूर्ण उपचार तिथे होत नाहीत. पण दिवाळीत बडोद्याचे बरेचसे खासगी दवाखाने लाभपाचमेपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) बंद असतात हे तुम्हाला माहीत आहेच. माझी सगळ्यात वाईट रात्र पाडव्याची होती. तेव्हा उघडं होतं ते हेच दार.

दोन केस-पेपर

आता या लेखातला माझा आवडता भाग. बाळंतिणीला घराबाहेर पडायला कारण लागतं. 'मला बरं वाटत नाही' हे कारण आमच्या घरांत चालत नाही. 'बाळाचा डोस आहे' हे मात्र असं कारण आहे की त्यापुढे सासरे स्वतः रिक्षा थांबवतात.

लसीकरणाचं वेळापत्रक बघा. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. सव्वा महिना संपतो आणि आठवडाभरात पहिला मोठा डोस येतो. तुमच्या टाक्यांची, गर्भाशयाची तपासणीही सहा आठवड्यांनीच सांगितलेली असते. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात येतात, तेव्हा एकाच फेरीत जमवा. जिथे प्रसूती विभाग आणि मानसोपचार विभाग एकाच आवारात आहेत अशा हॉस्पिटलात गेलात तर बाळाचा एक केस-पेपर आणि तुमचा एक. कुणाला काही वेगळं सांगावं लागत नाही.

त्याआधीही संधी असतात. हॉस्पिटलात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाबेनने, म्हणजे आशा सेविकेने, घरी यावं अशी सरकारी योजना आहे. ती बाळाचं वजन करते, ताप बघते. ती वजनकाटा गुंडाळत असेल तेव्हा तिला दारापर्यंत सोडायला जा आणि तिथे बोला. आमच्याकडे येणारी आशाबेन चपला घालता घालता म्हणाली, "बेन, बे घर छोडीने बीजी पण छे तमारा जेवी." दोन घरं सोडून तुमच्यासारखी आणखी एक आहे. मला तेवढ्यानेही बरं वाटलं. बहुधा बुधवारी असतो तो ममता दिवस (आई-बाळाच्या तपासणीचा आणि लसीचा सरकारी दिवस), तिथली नर्सबाई, आंगणवाडीची बेन, याही अशाच वाटा आहेत.

तपासणीला जाल तेव्हा रक्ताच्या तीन चाचण्यांबद्दल आवर्जून विचारा: हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२. बाळंतपणानंतर काही बायकांचं थायरॉइड बिघडतं आणि ते हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं. रक्त कमी असलं तरी तसाच गळाठा येतो. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं तर नेहमीचंच. माझं हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. लोहाच्या गोळ्यांनी सगळं सुटलं नाही, पण जिना चढताना धाप लागायची ती थांबली, आणि मग बाकीचं वेगळं दिसू लागलं.

बडोद्यात कुठे जायचं

सरकारीत पहिलं नाव सयाजी हॉस्पिटलचं, म्हणजे आपलं एसएसजी. बडोदा मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे, आवारात प्रसूतिगृह आहे आणि मानसोपचार विभागही. वर म्हटलं ते दोन केस-पेपरचं गणित इथे जुळतं. सकाळी ओपीडी उघडायच्या वेळेलाच जा, सोबत एक माणूस बाळासाठी आणि एक रांगेसाठी न्या. पाण्याची बाटली आणि दुपट्याची एक जादा घडी विसरू नका. गोत्रीच्या मेडिकल कॉलेज हॉस्पिटललाही हे विभाग आहेत, त्या बाजूला राहणाऱ्यांना ते सोयीचं.

दुसरं कारेलीबागचं मानसिक आरोग्याचं सरकारी हॉस्पिटल. आमच्या घरी लहानपणी कुणी फार हट्ट केला की "कारेलीबागला नेऊन ठेवू" म्हणायचे, त्यामुळे ते नाव उच्चारायलाच माझी जीभ जड झाली होती. प्रत्यक्षात तिथे ओपीडी असते, माणसं गोळ्या घेऊन दुपारी आपापल्या घरी जातात. भरती करून घ्यायची वेळ थोड्यांवरच येते. तशी वेळ आलीच तर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा माहीत असू द्या. उपचार घेणाऱ्या बाईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे वेगळं करायचं नाही असं त्यात लिहिलंय. तुमची माहिती गुप्त ठेवणं हाही त्याच कायद्यातला हक्क आहे. 'सांगितलं तर बाळ काढून घेतील' या भीतीने कितीतरी बायका गप्प बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

खासगीत जायचं तर आधी शब्द नीट समजून घ्या. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेले डॉक्टर, ते गोळ्या देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नोंदणी क्रमांक विचारला तर त्यात संकोच काही नाही. नुसतं 'काउन्सेलर' लिहिलेल्या पाटीमागे काय शिक्षण आहे ते विचारून घ्या. सौम्य आजारात बोलण्याचे उपचार पुरतात, मध्यम-तीव्र असेल तर बहुधा दोन्ही लागतात.

पहिलाच दरवाजा नीट उघडेल असं नाही. मी आधी ज्या खासगी डॉक्टरांकडे गेले त्यांनी माझ्याकडे न बघता "सगळ्यांना होतं, बाळाकडे लक्ष द्या" म्हणून टॉनिक लिहून दिलं. मी तीन आठवडे ते टॉनिक घेत बसले. तुमच्या बाबतीत असं झालं तर तीन आठवडे घालवू नका, दुसरीकडे जा.

गोळी आणि अंगावरचं दूध

सगळ्यांत जास्त भांडणं यावरून होतात. गोळी घेतली तर दूध सोडावं लागेल, दूध पाजायचं तर गोळी नको, असं दोन्हीकडून ऐकायला मिळतं. अंगावर पाजणाऱ्या आईला देता येतील अशी नैराश्याची औषधं आहेत. सर्ट्रालिन हे त्यातलं सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं, कारण ते दुधात फार थोडं उतरतं. सगळ्या औषधांचं तसं नाही, म्हणून मैत्रिणीच्या डब्यातली गोळी किंवा केमिस्टने दिलेली झोपेची गोळी घ्यायची नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा आजारी असेल तर बाळाच्या डॉक्टरांनाही विचारा.

डॉक्टरांना हे विचारा: मी अंगावर पाजते, मग कोणती गोळी? परिणाम कधी दिसेल? बाळात काय बदल दिसला तर तुम्हाला कळवायचं? मध्येच बिघडलं तर कुणाला फोन करू? आणि न विचारता सांगायची एक गोष्ट आहे. पूर्वी कधी तुम्ही कित्येक दिवस जेमतेम झोपूनही भलत्याच उत्साहात होतात, सुसाट बोलत होतात, वारेमाप खर्च करत होतात, किंवा घरात कुणाला बायपोलर आजार आहे, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. त्यावर औषधाची निवड ठरते, आणि नुसती नैराश्याची गोळी अशा वेळी उलटू शकते.

गोळी लगेच काम करत नाही. दोन आठवड्यांत थोडा फरक, नीट परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे. पहिल्या आठवड्यात मळमळ होऊन "हे आपल्याला सोसत नाही" म्हणून सोडणाऱ्या खूप असतात. आणि बरं वाटलं म्हणून सोडणाऱ्या त्याहून जास्त. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायला सांगतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. मला फरक कळला तो एका सकाळी कणीक मळताना. रेडिओवर कसलीशी जुनी लावणी लागली होती आणि मी गुणगुणत होते. सव्विसावा दिवस होता.

घरात कसं सांगायचं

'मला नैराश्य आलंय' असं सांगितलं की प्रत्येकाला सल्ला द्यावासा वाटतो. देवाचं नाव घे, बाहेर फिरून ये, आमच्या वेळी नव्हतं हे असलं. त्यापेक्षा काम मागा, आणि वेळेसकट मागा. "मला मदत करा" म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि काही होत नाही. "रात्री साडेबाराचं दूध तुम्ही पाजा" म्हटलं की हो किंवा नाही एवढंच उरतं.

औषधाखालोखाल मला उपयोग झाला तो सलग झोपेचा. तुकड्यातुकड्याने सात तास झोपून जे होत नाही ते सलग चार-पाच तासांनी होतं. आमचं वेळापत्रक असं होतं: साडेनऊला मी पाजायचं आणि दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. आधी काढून फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध नवऱ्याने कोमट पाण्यात वाटी धरून गरम करायचं आणि चमच्याने पाजायचं. अडीचला मला उठवायचं. पहिल्या दोन रात्री मी दाराला कान लावून जागीच होते. तिसऱ्या रात्री झोपले. दूध काढणं जमत नसेल तर पाजायला बाळ आणून देणं, ढेकर काढणं, दुपटी बदलणं आणि परत झोपवणं हे सगळं दुसऱ्याने केलं तरी खूप फरक पडतो.

सासूबाईंना सांगायची मला धास्ती होती. एका दुपारी त्या मेथी निवडत होत्या, तेव्हा म्हटलं, "अहो आई, डॉक्टरांनी मला गोळी दिलीये. मन बसलंय ना, त्याची." त्यांनी मान वर केली नाही. पाच-सहा काड्या निवडून झाल्यावर म्हणाल्या, "तुझ्या नणंदेच्या वेळी मी वाड्याच्या विहिरीपाशी जाऊन बसायचे. कठड्यावर." मी विचारलं, कुणाला सांगितलंत? "कुणाला सांगणार? सव्वा महिना झाला तसं पाणी भरायला लागले." मग उठून त्यांनी माझ्या गोळीची वेळ विचारून घेतली आणि देवघराशेजारच्या कॅलेंडरवर बॉलपेनने खूण केली.

सगळ्या घरांत असं होणार नाही. मुलगी झाली म्हणून टोमणे, उपाशी ठेवणं, मारहाण असं चालू असेल, तर तो मनाच्या आजाराआधी छळाचा प्रश्न आहे. गुजरातमध्ये त्यासाठी १८१ अभयम हेल्पलाइन आहे. फुकट, चोवीस तास, आणि गरज पडली तर त्यांची गाडी समुपदेशक बाईंसह घरी येते.

आई परत गेल्यावर

सव्वा महिना आपल्याकडे बाळंतिणीच्या अंगाची बडदास्त असते. शेक, मालिश, बाळंतशेपा, अळिवाची खीर. मग एका दिवशी आई पुण्याच्या किंवा सुरतेच्या गाडीत बसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फ्लॅटमध्ये तुम्ही आणि बाळ दोघंच उरता. मला वाटतं आमच्या पद्धतीतली खरी खोट इथे आहे: सगळी मदत पहिल्या चाळीस दिवसांत ओतायची आणि मग एकदम बंद. आई येणार असेल तर तिला आधीच सांगा, सलग चाळीस दिवस राहण्याऐवजी पंचवीस दिवस राहा आणि बाकीचे पंधरा तिसऱ्या महिन्यासाठी राखून ठेव. आईला आधी पटत नाही. लोक काय म्हणतील वगैरे. समजावून बघा.

एकट्या दिवसांसाठी रोज एक माणूस आणि एक बाहेर जाणं ठरवून टाका. माणूस म्हणजे खाली ओटल्यावर बसणाऱ्या मासीसुद्धा चालतात. बाहेर जाणं म्हणजे सकाळी ऊन कोवळं असताना कमाटी बागेत अर्धा तास, बाळाला झोळीत घेऊन. जावंसं वाटेल तेव्हा जाऊ असं म्हणाल तर कधीच जाणार नाही, कारण तसं वाटणं हेच तर आजाराने नेलेलं असतं. घड्याळ लावून जा. जवळपासच्या दोन-तीन नव्या आया जमल्या तर फारच छान. गोव्यात साध्या बायकांना प्रशिक्षण देऊन नैराश्यातल्या गरोदर बायकांच्या आणि आयांच्या घरी पाठवायचा प्रयोग झालाय, आणि त्याचा उपयोग झाल्याचं दिसलंय.

नोकरी करणाऱ्यांनी रजेचा हिशेब लवकर करावा. पहिल्या दोन मुलांसाठी मातृत्वाची पगारी रजा २६ आठवडे आहे. बाळंतपणातून आलेल्या आजारासाठी डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिना पगारी रजा मिळू शकते, हे आमच्या एचआरच्या मुलीलाही माहीत नव्हतं. दाखला सव्विसावा आठवडा संपायच्या आधी मागा.

नवऱ्यांसाठी थोडक्यात. तिच्या आईला फोन करून तक्रार करू नका, डॉक्टरांची वेळ तुम्ही घ्या, पाहुणे तुम्ही परतवा. आणि बाळाच्या बापालाही या काळात नैराश्य येतं. तुम्हीच रात्री पार्किंगमध्ये गाडीत बसून राहत असाल तर १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

पुढच्या वेळी

एकदा हा आजार झाला की पुढच्या बाळंतपणात तो पुन्हा येण्याची शक्यता जास्त असते. म्हणून पहिल्याच तपासणीत स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगायचं, आणि गोळी चालू असताना दिवस गेले तर घाबरून एकदम बंद न करता आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारायचं. माझा तिसरा महिना संपलाय. ममता कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद घडी करून ठेवलाय: जुन्या गोळीचं नाव, डॉक्टरांची ओपीडी कोणत्या वारी, आईने कोणत्या तारखांना यायचं, आणि रात्रीच्या दुधाची वाटणी. साडेबाराचं यावेळी सासूबाईंनी मागून घेतलंय.